पाठवले म्हणजे पोहोचले नव्हे



आज मी तुमच्याशी टपालाविषयी बोलणार आहे. पण पोस्टमन दारात आणून टाकतो ते हे टपाल नव्हे. हे संगणकाचे टपाल, ज्याला आपण सगळे आता ई-मेल म्हणतो. त्यातलीही एकच अडचण मी आज निवडली आहे. एखाद्या वेबसाइटवर आपण अर्ज भरतो. पडद्यावर ओळ उमटते, ‘आपणास ई-मेल पाठविण्यात आला आहे.’ आपण वाट पाहतो, आणि ई-मेल काही येत नाही. असे का होते, दोष कोठे शोधायचा आणि कोणत्या क्रमाने शोधायचा, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, हा तर शहरातल्या इंजिनिअर मंडळींचा प्रांत. डहाणू-तलासरीच्या माणसाला त्याचे काय? तसे आता राहिलेले नाही. वसतिगृहाचा प्रवेश, शिष्यवृत्ती, कॉलेजचा अर्ज, नोकरीची परीक्षा यांचे बरेचसे काम संगणकावरूनच चालते. शिवाय वेबसाइट काढणे पूर्वीइतके अवघड उरलेले नाही. चिकूच्या बागाईतदारांचा एखादा गट, वारली चित्रे काढणारे कलाकार, एखादी शाळा किंवा लहानशी संस्था स्वतःची वेबसाइट काढू शकते. ती सांभाळतो कोण? पुष्कळदा गावातलाच एखादा शिकलेला मुलगा, नाहीतर शाळेतले गुरुजी. तेव्हा हा प्रश्न पत्राची वाट पाहणाऱ्याचा आहे, तसाच तो पाठवणाऱ्याचाही आहे, आणि दोघेही आपल्यातलेच आहेत.

समजा, तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी बारावी झाली. घरी संगणक नाही. ती उधव्याला किंवा तलासरीला जाऊन एका संस्थेच्या वसतिगृहाचा अर्ज भरते. अर्ज पक्का करण्यासाठी ई-मेलने एक दुवा येणार असतो. त्यावर बोट ठेवले म्हणजे अर्ज पुरा झाला. तो ई-मेल येतच नाही. मुलगी काय समजते? ‘पत्र आलं नाही, म्हणजे आपलं नाव लागलं नाही.’ आणि कार्यालय काय समजते? ‘हिने अर्ज पक्का केला नाही, म्हणजे हिला जागा नको असेल.’ दोघांनाही आपापल्या जागी खात्री वाटते. न आलेले पत्र आवाज करीत नाही, हे या दुखण्याचे खरे मूळ आहे. पंप बंद पडला तर पाणी थांबते आणि सारे गाव बोंब मारते. पण पत्र थांबले तर कोणाला पत्ताच लागत नाही. मुदत मात्र निघून जाते.

आता हे पत्र जाते कसे, ते थोडक्यात पाहू. संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र पाठवण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये केला. नाव आणि ठिकाण यांच्यामध्ये आपण जे ‘ॲट’चे चिन्ह लिहितो, ते त्यांनीच निवडले. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला पत्र कसे द्यावे याचे नियम लिहून प्रसिद्ध केले. त्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांची कामे करण्यासाठी अहोरात्र चालू ठेवलेला संगणक. त्या काळी जाळ्यावर मोजकी माणसे होती, बहुतेक विद्यापीठांतली आणि संशोधनसंस्थांतली. त्यामुळे मूळच्या नियमांत पत्र देणाऱ्याला कोणी ‘तू खरंच तोच आहेस ना?’ असे विचारीत नसे. पाकिटावर कोणाचेही नाव घालून पत्र सोडता येई. आजच्या निम्म्या अडचणींचे मूळ या जुन्या भाबडेपणात आहे. पुढे जाहिरातबाज आणि ठक आले, आणि प्रत्येक दारावर पहारेकरी बसवावा लागला. आपले पत्र अडते ते पुष्कळदा या पहारेकऱ्यांपाशीच.

ई-मेलचा प्रवास आगगाडीसारखा समजा. गुजरातेतून डहाणूकडे येणारी गाडी संजाण, उंबरगाव, बोर्डी रोड, घोलवड अशी स्टेशने घेत येते. गाडी डहाणू रोडला वेळेवर आली नाही, तर स्टेशन मास्तर रुळांवर धावत सुटत नाही. तो मागच्या स्टेशनांना विचारतो, ‘तुमच्याकडून गाडी सुटली का?’ उंबरगावहून सुटली आणि घोलवडला पोहोचली नाही, तर ती कोठे आहे हे आपोआप ठरते. ई-मेलचा तपास असाच करायचा. पत्र शेवटी कोणत्या ठिकाणी दिसले, एवढे आधी नक्की करायचे, आणि मगच हातात पाना घ्यायचा.

या मार्गावर ठळक अशी चार ठिकाणे आहेत. पहिले, वेबसाइटचा प्रोग्रॅम. तो पत्र लिहितो. दुसरे, त्याच सर्व्हरवरचा टपाल सांभाळणारा प्रोग्रॅम. तो पत्र थैलीत घालतो. तिसरे, बाहेरची वाट आणि तिच्यावरची दारे. चौथे, ज्याला पत्र जायचे त्याच्या ई-मेल कंपनीचा सर्व्हर. तो पत्र घेतो, नाकारतो किंवा अडगळीत टाकतो.

तपास सुरू करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पहिला प्रश्न, ई-मेल कोणालाच जात नाही, की काहींनाच जात नाही? कोणालाच जात नसेल तर दोष बहुधा आपल्या बाजूला. फक्त जीमेलवाल्यांनाच जात नसेल, तर तिकडच्या पहारेकऱ्याला आपला संशय आला आहे. एकाच माणसाला जात नसेल, तर आधी त्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. ‘जीमेल’च्या इंग्रजी अक्षरांची अदलाबदल झालेली पुष्कळ वेळा सापडते. दुसरा प्रश्न, हे पूर्वी चालत होते का? आणि तिसरा, चालत होते तर मध्यंतरी काय बदलले? सर्व्हर बदलला, पासवर्ड बदलला, की वेबसाइटच्या नावाची वर्षाची फी भरायची राहिली? या तीन प्रश्नांना खर्च काहीच नाही, आणि निम्मा तपास त्यांतच होतो.

आता पहिले ठिकाण. पडद्यावरच्या ‘पाठविण्यात आला आहे’ या ओळीवर विश्वास ठेवू नका. पुष्कळ वेबसाइटी पीएचपी नावाच्या भाषेत लिहिलेल्या असतात. त्या भाषेतली ‘मेल’ ही आज्ञा ‘काम झाले’ असे सांगते तेव्हा तिचा अर्थ एवढाच असतो, की पत्र त्याच सर्व्हरवरच्या टपालाच्या प्रोग्रॅमने हाती घेतले. पत्र पोहोचले असे ती म्हणतच नाही. पत्र पेटीत टाकले म्हणजे ते मामाच्या गावाला पोहोचले, असे आपण धरतो का? त्यातून काही वेळा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने चूक आली तरी ती गिळून टाकण्याची व्यवस्था केलेली असते, म्हणजे पडदा छान दिसावा. अशी गिळलेली चूक आधी बाहेर काढायला हवी.

त्याची जागा म्हणजे लॉग, सर्व्हरची रोजची नोंदवही. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरांत टपालाची वेगळी नोंदवही असते. तिचे नाव बहुधा ‘मेल डॉट लॉग’ किंवा ‘मेललॉग’ असे असते. कोणाला, किती वाजता, काय उत्तर मिळाले, हे तिच्यात ओळीने लिहिलेले असते. त्याबरोबर टपालाची रांगही पाहावी. पोस्टफिक्स हा टपालाचा प्रोग्रॅम पुष्कळ ठिकाणी वापरतात. न गेलेले पत्र तो रांगेत ठेवतो आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. वेगळे सांगितले नसेल तर पाच दिवस प्रयत्न करून मग तो पत्र पाठवणाऱ्याकडे परत करतो. पण परतीचा पत्ता असा असतो की तो कोणी उघडून पाहतच नाही! पाच दिवस पत्र रांगेत बसले, सहाव्या दिवशी परत आले, आणि तिकडे मुदत संपली, असेही होते.

यानंतरची पायरी फार उपयोगाची आहे. वेबसाइट बाजूला ठेवा आणि त्याच सर्व्हरवर बसून, हाताने एक साधे पत्र स्वतःच्या पत्त्यावर पाठवा. ते पोहोचले तर रस्ता मोकळा आहे, दोष वेबसाइटच्या प्रोग्रॅमात. ते पोहोचले नाही तर वेबसाइटला हात लावण्याचे कारण नाही, दोष पुढे कोठेतरी आहे. एका पत्राने शेताचा अर्धा भाग शोधातून वगळता येतो. हे न करता जो प्रोग्रॅमच उलटापालटा करीत बसतो, तो दिवसभर विहीर उपसतो आणि गळती असते पाटाला.

तिसरे ठिकाण म्हणजे दारे. संगणकाच्या भाषेत त्यांना पोर्ट म्हणतात आणि त्यांना क्रमांक असतात. टपालाची दारे मुख्यतः तीन. क्रमांक २५ हे दार एका टपाल-सर्व्हरने दुसऱ्याला पत्र देण्यासाठी आहे. क्रमांक ५८७ आणि ४६५ ही दारे नाव आणि पासवर्ड सांगून आपल्या टपाल सेवेकडे पत्र सोपवण्यासाठी आहेत. आता गंमत अशी, की भाड्याने सर्व्हर देणाऱ्या पुष्कळ कंपन्या २५ क्रमांकाचे दार मुळातच बंद ठेवतात. गूगलच्या क्लाउडवर ते सर्वसाधारणपणे बंद असते; ॲमेझॉनच्या सर्व्हरवर ते आधी अडवलेले असते आणि मागणी केल्यावर उघडून मिळते. यात कोणाचा दुष्टावा नाही. ठकांनी भाड्याचे सर्व्हर घेऊन लाखो पत्रे सोडू नयेत, म्हणून हा बंदोबस्त. पण ज्याला हे ठाऊक नसते, तो बिचारा आपल्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधीत बसतो.

दार बंद आहे हे ओळखायचे कसे? नोंदवहीतल्या शब्दांवरून. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असे लिहिले असेल, तर आपण हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही. बहुधा वाटेत कोणीतरी अडवले आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल, तर त्या घरापर्यंत आपण बहुधा पोहोचलो, पण त्या दारावर कोणी बसलेले नाही. क्रमांक किंवा पत्ता चुकला असेल. आणि ५३५ हा आकडा दिसला, तर दार उघडे आहे, पण आपले नाव किंवा पासवर्ड मान्य झालेला नाही. या शेवटच्या प्रकाराने मध्यंतरी अनेकांची पत्रे एकाएकी थांबली. साध्या जीमेल खात्याचा नेहमीचा पासवर्ड वेबसाइटला देऊन पत्रे पाठवण्याची वहिवाट होती. गूगलने ती ३० मे २०२२ पासून बंद केली. तेव्हापासून खात्याला दुहेरी पडताळणी लावून, त्या कामापुरता १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढून घ्यावा लागतो.

आकड्यांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. समोरचा सर्व्हर प्रत्येक वेळी तीन अंकी उत्तर देतो. पहिला अंक २ असेल तर ‘घेतले’. ४ असेल तर ‘आत्ता नको, थोड्या वेळाने या’. ५ असेल तर ‘घेणार नाही, पुन्हा येऊ नका’. एवढे लक्षात ठेवले तरी गुरुजींचे पुष्कळ काम होईल. चाराच्या उत्तरात धीर धरावा; पाचाच्या उत्तरात काहीतरी दुरुस्त केल्यावाचून पत्र पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. काही सर्व्हर अनोळखी माणसाला पहिल्या खेपेला मुद्दाम चारचे उत्तर देतात, कारण ठक सहसा दुसऱ्यांदा येत नाही. मग पत्र पाऊण तासाने पोहोचते, आणि आत लिहिलेला परवलीचा आकडा मात्र दहाच मिनिटे चालणारा असतो!

आता चौथे ठिकाण, म्हणजे पलीकडचा पहारेकरी. तो पहिली चौकशी अशी करतो, की हे पत्र ज्या नावाने आले आहे, त्या नावाच्या मालकाने या सर्व्हरला पत्र पाठवण्याची मुभा दिली आहे का? ही मुभा वेबसाइटच्या नावाबरोबर जगजाहीर लिहून ठेवायची असते. तिला एसपीएफ म्हणतात. संस्था स्वस्त पडते म्हणून नव्या सर्व्हरवर जाते, पण मुभेच्या नोंदीत जुन्याच सर्व्हरचे नाव राहते. मग नवा सर्व्हर तोतया ठरतो. काही जण जुनी नोंद तशीच ठेवून दुसरी लिहितात; एका नावाला दोन नोंदी झाल्या की दोन्ही फुकट. दुसरी चौकशी पत्रावरच्या शिक्क्याची, म्हणजे डीकेआयएमची. पत्र वाटेत कोणी बदलले नाही, हे त्यावरून कळते. आणि या दोन्हींत न बसणाऱ्या पत्राचे काय करावे, ही मालकाची सूचना म्हणजे डीमार्क. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम पुष्कळ कडक केले. दिवसाला पाच हजारांच्या वर पत्रे जीमेलकडे पाठवणाऱ्याला तर या तिन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत. लहान संस्थेनेही त्या करून ठेवाव्यात हे बरे.

एक चूक मात्र लहान वेबसाइटींत वारंवार होते. समजा, चिकूच्या मागणीचा अर्ज आहे. गिऱ्हाईक त्यात आपला ई-मेल लिहिते, आणि वेबसाइट बागाईतदाराला पत्र पाठवते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटते, पत्र गिऱ्हाइकाच्या नावाने गेले तर उत्तर देणे सोपे. म्हणून तो ‘पाठवणारा’ या जागी गिऱ्हाइकाचाच पत्ता घालतो. हेतू चांगला; पण पहारेकऱ्याच्या दृष्टीने हे दुसऱ्याची सही ठोकणे झाले. मागणी अडगळीच्या कप्प्यात जाते आणि इकडे चिकू पिकून जातात. पाठवणारा म्हणून आपलाच पत्ता घालावा आणि ‘उत्तर येथे द्या’ या जागी गिऱ्हाइकाचा. एका ओळीचा फरक आहे.

माझे आणखी एक सांगणे. शक्य तोवर आपल्या सर्व्हरवरून परस्पर पत्रे वाटू नयेत. पत्रे वाहून नेण्याचाच धंदा असलेल्या एखाद्या सेवेकडे ५८७ क्रमांकाच्या दाराने ती सोपवावीत. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, वहीत लिहावी, पत्र पाठवून पाहावे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि पत्र गेले, तर कशामुळे गेले ते कळत नाही. आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच नशिबी येते.

आता पत्राची वाट पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द. ई-मेल आला नाही तर आधी ‘स्पॅम’ असे लिहिलेला कप्पा उघडून पाहा. अर्जात आपला पत्ता बरोबर लिहिला आहे ना, ते तपासा. सेवा केंद्रातल्या माणसाने स्वतःचाच ई-मेल लिहिलेला नाही ना, तेही विचारा. अर्जाचा क्रमांक, तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्या. आणि मुदतीच्या आधीच कार्यालयाला सांगा. ‘साइट चालत नाही’ असे मोघम नको, तर ‘अमुक तारखेला, अमुक वाजता अर्ज भरला, अमुक पत्त्यावर ई-मेल यायचा होता, तो आला नाही’ असे. या तीन गोष्टी हातात असल्या की सांभाळणाऱ्याला नोंदवहीतली ती ओळ सापडते. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून एवढे करून घेतले, तरी पुष्कळ अर्ज वाचतील.

शेवटी एक गोष्ट यंत्राची नव्हे, रीतीची. आपल्या याच भागात, बोर्डीला १९४५ साली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्या ‘मुलांनाच गरज नाही’ असे म्हणून थांबल्या नाहीत. शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात नेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द त्यातूनच रूढ झाले. संगणकाचा कारभार चालवणाऱ्यांनी हाच कित्ता गिरवावा. ज्यावर एखाद्या मुलीचे वर्ष अवलंबून आहे, ते केवळ एका ई-मेलवर टांगून ठेवू नये. फोनवरचा संदेश, शाळेच्या फळ्यावर लावलेली यादी, अर्ज भरतानाच हातात दिलेली पोच, यांपैकी दुसरी एक वाट मोकळी ठेवावी. आणि रोज संध्याकाळी एकाने रांग आणि परत आलेली पत्रे पाहावीत; पाच मिनिटांचे काम आहे. ज्यांची पत्रे परत आली, त्यांची नावे काढून त्यांना निरोप पोहोचवावा.

तेव्हा, ‘आम्ही पाठवलं होतं’ या उत्तरावर समाधान मानू नका. ‘शेवटी कोठे दिसलं?’ असे विचारा. उत्तर मिळेपर्यंत एकेक स्टेशन मागे जा.